ओटीवर काय, माळ्यावर काय: सेटिंगची भानगड सोप्या भाषेत

गणपतीला चाकरमानी गावी पोचले की आरतीच्या आगेमागे एक कार्यक्रम घरोघरी होतोच. मुंबईच्या पुतण्याच्या हातात काकांचा फोन येतो. "बघ रे जरा, रिंग वाजतच नाय." "फोटोला जागा नाय म्हणतंय." "वर सारखं कायतरी येतंय, ते बंद कर." पुतण्या सेटिंग उघडतो, दोन मिनिटं बोटं फिरवतो, फोन परत देतो. काका खूश. आता या काकांना हापूसच्या बागेतल्या फवारणीचा हिशोब तोंडपाठ असतो, कुठल्या कलमाला कधी मोहोर येईल हे ते सांगू शकतात. मग फोनमधलं एक बटण त्यांना का सापडू नये?

उलटी तक्रारही तितकीच जोरात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुधार, बंद झाला आणि तालुक्याच्या गावातली झेरॉक्सची दुकानं, सीएची ऑफिसं विंडोज ११ वर जायला लागली. तिथे माउसचं उजवं बटण दाबलं की येणारी यादी आखूड झालेली. जुनी यादी हवी तर 'आणखी पर्याय' वर पुन्हा क्लिक करायचं. खालची पट्टी बाजूला किंवा वर नेता येत असे, ती सोय २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा काढूनच टाकलेली होती. दिवसभर टायपिंग करणारा माणूस म्हणतो, "होतं ते काढलं कशाला?"

एकाला फार झालं, दुसऱ्याला कमी पडलं. दोघंही खरं बोलतायत, आणि सॉफ्टवेअर मात्र दोघांसाठी एकच आहे. गोची इथे आहे.

सेटिंग म्हणजे नक्की काय?

सॉफ्टवेअर लिहिताना लिहिणाऱ्याला पावलोपावली काहीतरी ठरवावं लागतं. अक्षर केवढं असावं? मेसेज आल्यावर आवाज व्हावा का? तुम्ही शेवटचे ऑनलाइन कधी होतात ते इतरांना दिसावं का? यातले बहुतेक निर्णय तो स्वतः घेऊन मोकळा होतो आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. थोडे निर्णय तो आपल्यावर सोपवतो. सोपवलेला निर्णय म्हणजे सेटिंग.

दुसरा एक शब्द लागेल तो डिफॉल्ट. तुम्ही कशालाच हात लावला नाहीत तर जे चालू राहतं ते डिफॉल्ट.

अँड्रॉइड फोनवरचं व्हॉट्सॲप घ्या. त्यात फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याचं एक सेटिंग आहे. ते तीन ठिकाणी विभागलेलं: मोबाइल डेटावर असताना, वायफायवर असताना आणि रोमिंगमध्ये असताना. प्रत्येक ठिकाणी चार चौकोन: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. म्हणजे 'सकाळच्या शुभेच्छांचे फोटो फोनमध्ये साठू देऊ नकोस' या एका साध्या इच्छेसाठी आपल्यासमोर बारा चौकोन येतात. ज्याला यातलं कळतं त्याला ही सोय उत्तम वाटते. गावी रेंज एका काडीवर असताना व्हिडिओ बंद, फोटो चालू, घरच्या वायफायवर सगळं चालू, असं त्याला हवं तसं बसवता येतं. ज्याला कळत नाही तो पहिल्या चौकोनापाशीच फोन पुतण्याकडे देतो.

जास्त पर्याय दिले तर बिघडतं काय?

"ज्याला हवं तो वापरील, नको तो सोडून देईल." वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या बैठकीतही रोज होतो. पण पर्याय फुकट येत नाही.

पहिला खर्च तपासणीचा. चालू-बंद असं एक बटण असेल तर सॉफ्टवेअर दोन अवस्थांत असू शकतं. दोन बटणं असतील तर चार. दहा बटणांच्या १,०२४ अवस्था होतात आणि वीस बटणांच्या १०,४८,५७६. वरच्या बारा चौकोनांच्याच ४,०९६ जुळण्या होतात. इतक्या सगळ्या कोणीही तपासून बघत नाही, बघूच शकत नाही. म्हणून "माझ्याच फोनवर असं होतंय" अशी तक्रार येते तेव्हा ती बऱ्याचदा अक्षरशः खरी असते. तुमची जुळणी जगात आणखी कोणी वापरत नसेल.

दुसरा खर्च मदतीचा. काकांच्या फोनवर सगळं डिफॉल्ट असेल तर मुंबईहून फोनवर सांगता येतं: इथे जा, हे दाब. मधल्या काळात कोणी चार गोष्टी बदलल्या असतील तर पलीकडच्याला पडद्यावर काय दिसतंय याचा अंदाजच येत नाही.

तिसरा खर्च डोक्याचा, आणि याबद्दल जरा जपून बोलायला हवं. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रयोगांवरून दाखवलं की समोरचे पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळ वाढतो. मात्र तो पर्यायांच्या पटीत वाढत नाही, सावकाश वाढतो. त्याहून गाजलेला प्रयोग २००० सालचा, जॅमचा. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चवीसाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. चोवीसपाशी जास्त गर्दी थांबली, पण चव घेणाऱ्यांतल्या जेमतेम ३ टक्क्यांनी बाटली विकत घेतली. सहापाशी थांबलेल्यांतल्या ३० टक्क्यांनी घेतली. 'कमी पर्याय म्हणजे सुख' असं सांगणारा प्रत्येक जण हा प्रयोग पुढे करतो. पुढची गोष्ट मात्र सांगत नाही: २०१० मध्ये अशा पन्नासेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळपास निघाला. जास्त पर्याय कधी त्रास देतात, कधी आवडतात. माणसाला आपल्याला काय हवं ते आधीच ठाऊक असेल तर यादी लांब असली तरी तो गांगरत नाही. तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याच्या, बायकोसमोर पंचवीस जातींची मासळी मांडा, तिचा हात बरोबर हव्या त्या मासळीवर पडतो. पंचवीसचा आकडा पाहुण्याला भारी पडतो.

चौथा खर्च सगळ्यात गमतीचा. काही बटणं अशी असतात की ती दाबली की सॉफ्टवेअरच लंगडं होतं. फायरफॉक्स या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'जावास्क्रिप्ट चालू करा' असा चौकोन होता. वेबसाइटवरची हलती-चालती कामं, म्हणजे फॉर्म भरताना चूक दाखवणं, यादी उघडणं वगैरे, ज्या भाषेत लिहिलेली असतात ती जावास्क्रिप्ट. चौकोनातली खूण काढली की निम्म्या वेबसाइट मोडायच्या, आणि महिन्याभराने तो माणूस म्हणायचा, ब्राउझर खराब आहे. आपणच ती खूण काढली होती हे त्याच्या लक्षातही नसायचं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीतून तो चौकोन काढला. ज्याला ते बटण खरोखर हवं त्याच्यासाठी आतल्या, आडवाटेच्या एका पानावर ते ठेवलेलं होतं. हे पान पुढे कामाला येईल.

मग सगळं काढूनच का टाकत नाहीत?

काढून बघितलंय. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घातलेल्या कम्प्युटरवर ग्नोम नावाची एक पडदा-व्यवस्था आहे. म्हणजे खिडक्या, मेनू, चिन्हं, जे डोळ्यांना दिसतं ते सगळं. २००२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि सेटिंगांची जोरदार छाटणी झाली. 'प्रत्येक सेटिंगची किंमत असते, शक्य तिथे आपणच नीट ठरवा' हा विचार त्यामागे होता. सामान्य माणसाला ते आवडलं. पण २००५ च्या डिसेंबरात खुद्द लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स ग्नोमवाल्यांवर जाहीरपणे तुटून पडला. तुम्ही वापरणाऱ्याला मूर्ख समजता, असा त्याचा आरोप होता, आणि लोकांनी केडीई ही दुसरी, भरपूर सेटिंगांची व्यवस्था वापरावी असं त्याने सांगितलं. वीस वर्षं झाली, दोन्ही व्यवस्था सुखाने नांदतायत. केडीईने तर पुढे आपलं सूत्रच असं ठेवलं की सुरुवातीला साधं, गरज पडेल तेव्हा ताकदवान.

विंडोज ११ मध्येही काढलेलं सगळंच बाहेर राहिलं नाही. खालच्या पट्टीवर उघड्या खिडक्यांची नावं सुटी-सुटी दिसण्याची सोय २०२१ मध्ये गेली, लोकांनी कटकट केली, २०२३ मध्ये ती परत आली.

पण माझ्या मते काढण्यातला खरा धोका कळायला जेटीवर जायला हवं. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि ट्रॉलर बाहेर पडायच्या आधी केबिनमधली यंत्रं एकदा चालवून बघतात. त्यातलं एक फिशफाइंडर. पाण्यात खाली आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर तळ आणि मधली मासळी काढायची, हे त्याचं काम. त्याला 'ऑटो' असतं, आणि बहुतेक दिवस तांडेल ते ऑटोवरच ठेवतो. "रवांदे तसाच" म्हणतो. पण कधी कधी पाण्यात बारीक जीव इतके असतात की पडदा ठिपक्यांनी भरून जातो. मग तो गेन, म्हणजे प्रतिध्वनी किती मोठा करून दाखवायचा ते, हाताने हळूहळू खाली आणतो. ठिपके विरतात, तळाची रेघ स्वच्छ होते, आणि मध्ये जो पुंजका उरतो तो बघण्यासारखा असतो. फार खाली आणलं तर लहान मासळीही पुसली जाते, म्हणून बोट जपून. खोल पाण्यात गेला की तो २०० किलोहर्ट्झवरून ५० वर येतो. कमी वारंवारतेचा आवाज खोल पोचतो, पण चित्र जाडंभरडं काढतो. यातली एकही खटपट रोज लागत नाही. पण लागते त्या दिवशी ती नसली तर अख्खं डिझेल पाण्यात.

त्याच यंत्रात खोली दाखवायची एककं असतात: मीटर, फूट आणि फॅदम. फॅदम म्हणजे सहा फूट, आपली वाव. मालवणातला म्हातारा तांडेल आयुष्यभर पाणी वावेत मोजत आलाय. बारा वाव म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ती जागा उभी राहते, बावीस मीटर म्हटलं की हिशोब करावा लागतो. एखाद्या कंपनीने सगळ्या ग्राहकांचा हिशोब काढला आणि 'फॅदम कोण वापरतं हल्ली, काढून टाका' म्हटलं, तर आकडा बरोबर आणि निर्णय चूक. थोडे लोक म्हणजे कुठले थोडे, हे बघायला हवं.

हे काल्पनिक नाही. बरीच सॉफ्टवेअरं कुठलं बटण किती वेळा दाबलं गेलं त्याची मोजणी कंपनीकडे पाठवतात आणि कमी दाबलेली बटणं छाटणीच्या यादीत जातात. आंधळ्या माणसाला पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक, संकटात मदत मागायचं बटण, किंवा मराठी वळणाचा ल आणि श दिसावेत म्हणून भाषा 'हिंदी' ऐवजी 'मराठी' ठेवण्याची सोय: मोजणीत यांतल्या कशाचाच आकडा मोठा दिसणार नाही. मोजणीत वापर दिसतो, निकड दिसत नाही.

ओटी, माजघर, माळा

तर मग मार्ग काय? कोकणातलं जुनं घर बघा. ओटीवर आल्या-गेल्याला लागतं तेवढंच: बसायला जागा, पाण्याचा तांब्या, खुंटीला छत्री. माजघरात रोजचं पण घरच्यांचं: धान्य, कपाट, हिशोबाची वही. आणि माळ्यावर वर्षातून एकदा लागणारं: गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट), लग्नकार्याची मोठी पातेली, शिल्लक कौलं. माटवी ओटीवर ठेवली तर माणसं अडखळतील. ती विकून टाकली तर चतुर्थीला पंचाईत. आणि कुठे आहे तेच कोणाला ठाऊक नसेल तर असून नसल्यासारखी.

चांगलं सॉफ्टवेअर असंच रचलेलं असतं. अँड्रॉइडमध्ये ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंगं असतात, ती सहसा दिसतच नाहीत. फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर' वर सात वेळा टिचकी मारली की उघडतात. चुकून सात वेळा कोणी मारत नाही. फायरफॉक्सचं ते आडवाटेचं पान हाच माळा. शिडी चढताना 'पुढे जपून' अशी पाटीही लावलेली असते. सॅमसंगच्या फोनमध्ये 'ईझी मोड' आहे: अक्षरं-चिन्हं मोठी, पडदा सुटसुटीत. हवं तेव्हा परत नेहमीचा.

फसलेली रचनाही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये असे मेनू दिले की जी गोष्ट तुम्ही फारशी वापरत नाही ती आपोआप लपायची. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात रोज यादीचा आकार बदलायचा आणि काल इथे होतं ते आज कुठे गेलं म्हणून माणूस वैतागायचा. रात्री कोणीतरी गुपचूप आवराआवर केल्यावर घरच्यांचं जे होतं तेच. ऑफिस २००७ मध्ये मेनूच बदलले आणि तो प्रकार गेला.

"आता एआय आहे, फोन आपला आपण शिकून सेटिंग करील" असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. शिकू दे की. पण बदल करण्याआधी विचारावं, आणि परत फिरवायची वाट ठेवावी.

"डिफॉल्ट कुठलंही असलं तरी बदलता येतंच ना?"

येतं, पण बहुतेक जण बदलत नाहीत. म्हणून किती पर्याय दिले यापेक्षा मला डिफॉल्ट काय ठेवलं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. २००३ मध्ये अमेरिकेत अवयवदानाबद्दल एक प्रयोग झाला. 'तुम्ही दाते नाही, व्हायचं असेल तर सांगा' असं विचारलं तेव्हा ४२ टक्के लोक दाते झाले. 'तुम्ही दाते आहात, नको असेल तर सांगा' असं विचारलं तेव्हा ८२ टक्के. दोन्हीकडे पर्याय तेच आणि बदलायला कष्टही तेवढेच. एवढ्या गंभीर गोष्टीत हे होत असेल तर व्हॉट्सॲपच्या चौकोनांचं काय घेऊन बसलात.

आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण रिझर्व्ह बँकेचं आहे. जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ठरवलं की नवीन किंवा बदलून दिलेलं डेबिट-क्रेडिट कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर आणि कार्ड नुसतं टेकवून पैसे देणं, हे ग्राहकाने चालू केल्याशिवाय चालू होणार नाही. शिवाय प्रत्येकाला चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय दिवसाचे चोवीस तास द्यायची. काकूंना काहीच माहीत नसलं तरी त्यांचं कार्ड परदेशातल्या कुठल्या वेबसाइटवर चालत नाही. दुबईला असलेल्या त्यांच्या मुलाला स्वतःच्या कार्डावर ते चालू करून घेता येतं. न करणारा सुरक्षित, करणारा मोकळा.

याच्या नेमकं उलट करणारेही आहेत. खूण आधीच मारून ठेवायची, 'हो' चं बटण मोठं रंगीत आणि 'नको' चं फिकट ठेवायचं. सदस्यता घ्यायला एक टिचकी, सोडायला मात्र सात पानं. अशा फसव्या रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षीचा वैयक्तिक डेटाचा कायदाही सांगतो की संमती माणसाने स्वतः, स्पष्ट कृतीने द्यायला हवी, आणि ती मागणारा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, मिळायला हवा. इथे माळ्याची रचना गैरवापरली जाते. तुमच्या फायद्याचं बटण वर कोपऱ्यात, कंपनीच्या फायद्याचं ओटीवर.

"आमच्या आईला कशाला हवेत हे सगळे पर्याय?"

कदाचित नकोत. पण ते ठरवताना एक साधी कसोटी लावता येते: चूक झाली तर किती महागात पडेल, आणि परत फिरता येईल का. वॉलपेपर चुकला तर हसून सोडता येतं, त्यामुळे तिथे हवे तेवढे पर्याय असू देत. पैशांच्या व्यवहारात, फोटो कायमचे पुसण्यात किंवा खात्याच्या पासवर्डमध्ये मात्र बनवणाऱ्याने जबाबदारीने एक सुरक्षित उत्तर ठरवून द्यावं आणि ते बदलण्याची शिडी थोडी उंच ठेवावी. ज्यांना सगळं कळतं त्यांनाही हेच सोयीचं असतं. दिवसभर कोड लिहिणारी माणसंसुद्धा नवा फोन घेतल्यावर दीडशे सेटिंगं वाचत बसत नाहीत.

यंदा गणपतीत कोणाचा फोन हातात आलाच तर मी एवढंच सुचवीन. अक्षर मोठं करा, व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते 'माझे संपर्क' करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खात्याला पिनचं दुसरं कुलूप, लावा आणि तो सहा आकडी पिन घरातल्या वहीत लिहून ठेवा. बाकी डिफॉल्ट राहू द्या. फोनची भाषा त्यांना विचारून ठेवा, आणि मराठी ठेवलीत तर आपल्याही फोनवर एकदा मराठी लावून मेनूची नावं बघून ठेवा, नाहीतर मुंबईहून 'सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघड' म्हणाल आणि तिकडे तसं नावच नसेल. सेटिंगच्या पानावर वर शोधायची जागा असते, ती दाखवून ठेवा. बहुतेकांना ती दिसलेलीच नसते. अगदीच अडलं तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून बघता येतं. फक्त हे घरच्यांशीच, आणि बँकेचं ॲप बंद असताना. अनोळखी माणसाने 'स्क्रीन दाखवा, मी सेटिंग करून देतो' म्हटलं तर फोन ठेवून द्यायचा, हे त्यांना त्याच बैठकीत सांगा.